विलासचा मुका रेडिओ

रविवारी चहाचा दुसरा कप हातात आला की विलासचा फोन वाजायचा, आणि मी तो चिडूनच उचलायचो. त्या रविवारीही वाजला. स्क्रीनवर त्याचंच नाव होतं. मी नेहमीसारखा म्हणालो, "हां, बोल. आज कशाची वाट लावलीस?" पण आवाज त्याचा नव्हता. त्याच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, "काका, मी शेजारून बोलतोय, विलासकाकांच्या फोनवरून... तुम्ही जरा लगेच या." ऐरोली ते घणसोली अंतर ते काय, पण त्या दिवशी स्कूटरची किल्ली भोकात जाईना. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. सकाळी तो एरियलची तार ताणायला गच्चीवर गेला होता. खाली आला, बायकोला, सुनीताला म्हणाला, "जरा पानी दे," आणि खुर्चीत बसला. ती पाणी घेऊन आली तेव्हा तो गेलेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर त्याचा तो रेडिओ होता, आणि गच्चीवरून आत आलेली त्याची एक तार वाऱ्याने हलत होती.

विलास माझा साडू. माझी बायको रंजना थोरली, सुनीता धाकटी. साडू हे नातं देवाने फार विचार करून बनवलेलं नाही. दोन बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून आत जातात आणि बाहेरच्या खोलीत एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले दोन पुरुष समोरासमोर बसतात. मी सगळी नोकरी इथल्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत केली, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून. पार्ट नंबर जुळल्याशिवाय साधा वायसर न बसवणारा माणूस मी. विलास घणसोली गावातला, भूमिपुत्र, कंटेनर यार्डात क्लार्क. त्याच्या शब्दकोशात 'ओरिजनल' हा शब्द शिवीसारखा होता. "साडूबुवा, ओरिजनल काय चाटायचाय? चालतंय ना? मग बास!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही त्याचं उत्तर देईन.

त्याचं घर एकदा बघायला हवं होतं तुम्ही. प्रेशर कुकरची मूठ तुटली तर तिथे मुलीच्या जुन्या स्किपिंगच्या दोरीची मूठ. पडद्याचा रॉड म्हणून गळाची काठी. बाथरूमच्या कडीला सायकलच्या ब्रेकची तार. आणि प्रत्येक दुरुस्तीवर औषधाच्या दुकानात मिळणारी पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनाने लिहिलेलं: 'तात्पुरतं'. मुलगी शाळेत होती तेव्हा लावलेल्या पट्ट्या तिच्या लग्नात पिवळ्या पडलेल्या होत्या, पण तात्पुरत्याच होत्या. सुनीता म्हणायची, "भावजी, लग्न झाल्यापासून मी तात्पुरत्याच घरात राहते." तो हसायचा. मला मात्र ते बघून अंगावर काटा यायचा. कुकरच्या मुठीशी कसला खेळ करतो माणूस!

सोसायटीच्या शोकसभेत कोणीतरी नेहमीचं वाक्य म्हणालं, की विलासरावांच्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. मी मागच्या खुर्चीत बसलो होतो. मला हसूही आलं आणि रागही आला. विलासला पोकळी दिसली की तो आधी तिच्यात लांबी भरायचा आणि मग विचारायचा की ही कशाची होती. सोसायटीचा सेक्रेटरी असताना त्याने गळक्या गच्चीपासून गेटच्या बिजागरीपर्यंत सगळं असंच चालवलं. इमारतीचे लोखंडी पाइप गंजले, नळाला तांबडं पाणी यायला लागलं, तेव्हा सभेत उभा राहून त्यानेच सगळ्यांना पटवलं होतं की लोखंडाचा हट्ट सोडा, प्लॅस्टिकचे टाका, गंजायची भानगडच नाही. त्या कामाचा त्याला भारी अभिमान होता. येईल त्या पाहुण्याला आधी ग्लासभर स्वच्छ पाणी आणि मग पाइपाची कथा. ही कथा लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात राहिली नाही आणि त्याच्याही.

तर रेडिओ. आमची सासुरवाडी जासईची. सासऱ्यांना आम्ही दोघंही मामा म्हणतो. वय झालंय, डोळे जवळजवळ गेलेत, कान मात्र अजून असे तीक्ष्ण की ओसरीवर बसून मागच्या रस्त्याने गेलेला ट्रेलर भरलेला होता की रिकामा ते सांगतात. गेल्या वर्षी गावच्या जत्रेला सगळे जमलो होतो. जेवणं झाली होती, लाइट गेले होते, पोरांचे मोबाइल चार्जिंगवाचून मान टाकत होते. मामा म्हणाले, "आमच्या टायमाला मिठागरावं एक रेडिव होता. त्याला इज लागं नाय ना शेल लागं नाय. तरी बोलं." नातवंडं फिदीफिदी हसली. एकजण म्हणाला, "आजोबा, मग तो चालायचा कशावर, मिठावर?" मामांनी पुन्हा सांगितलं, की मुकादमाकडे होता, बांबूला तार होती, कानाला डबी लावायची, आपण स्वतः ऐकलंय. "आयकलं म्हंजे आयकलं. मी काय येडा हाय?" पण हल्ली ते कधी कधी मेलेल्या माणसांची वाट बघतात, जेवून पुन्हा जेवायला मागतात, त्यामुळे घरात त्यांचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. माझ्या मेव्हण्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "हो बाबा, होता. झोपा आता." म्हातारा एकदम गप्प झाला. त्या गप्प होण्याने विलासचं टाळकं सरकलं. "मामा खोटं नाय बोलत," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तसला रेडिओ असतो. मी बनवून आणतो. तुमी सगळे आयका मग." मामा त्याच्या आवाजाच्या दिशेने वळले आणि म्हणाले, "आनशील?" विलास म्हणाला, "आनतो."

मामांचं म्हणणं खरंच होतं. क्रिस्टल सेट म्हणतात त्याला. स्टेशनच्या लहरींतच जी काय इवलीशी ताकद असते तिच्यावरच तो बोलतो. लांब तार हवेत, दुसरी तार जमिनीत, मध्ये तारेचं वेटोळं, लहरीतून आवाज वेगळा काढणारा एक खडा आणि कानाला लावायची डबी. बस्स. मी विलासला सांगितलं, हे करायचं तर व्यवस्थित करू. वेटोळ्याला योग्य जाडीची तार, खड्याच्या जागी जर्मेनियमचा डायोड, स्टेशन लावायला जुन्या रेडिओतला गँग, जास्त रोधाचा हेडफोन... सगळं शोधावं लागेल, वेळ लागेल, पण होईल. तो म्हणाला, "शोधेपर्यंत मामा राहतील काय?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने घरातल्या वस्तूंवर हल्ला चढवला.

जळलेल्या टेबलफॅनची तांब्याची तार उलगडली आणि पाइपाच्या तुकड्यावर गुंडाळली. गँगऐवजी दिनदर्शिकेच्या पुठ्ठ्यावर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवून दोन पाती केली, एकावर एक सरकवायची, की स्टेशन लागणार म्हणे. खडा मिळेना म्हणून दाढीचं ब्लेड गॅसवर निळं होईपर्यंत तापवलं आणि त्याच्यावर सेफ्टीपिनला बांधलेलं पेन्सिलीचं शिसं टेकवलं. कानाची डबी म्हणजे नातीच्या वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती, लोणच्याच्या बरणीच्या झाकणात बसवलेली. एरियल गच्चीवर, टाकीपासून टाकीपर्यंत. आणि अर्थ, म्हणजे जमिनीत जायची तार? थ्री-पिनच्या भोकाला हात लावायची सुनीताने त्याला बंदी घातली होती, कारण गिझरचा झटका खाऊन तो एकदा बाथरूमभर नाचला होता. मग त्याने अर्थची तार खिडकीजवळच्या नळाला गुंडाळली. जुन्या काळी नळालाच बांधायचे, तेव्हा त्यात चूक ती काय.

पहिल्या रविवारी त्याने मला बोलावलं, झाकण माझ्या कानाला लावलं आणि तोंडाकडे बघत बसला. "आयकू येतंय काय?"

"नाही."

"नीट आयका. खुसपूस?"

"अरे, काही नाही. पंख्याचा आवाज येतोय तो तुझ्या छताचा."

त्याने पंखा बंद केला. मी घामाने निथळत लोणच्याचं झाकण कानाला धरून बसलो. काही नाही. मग दर रविवारी तेच. तो ब्लेडवर पेन्सिल अर्ध्या केसाने इकडे तिकडे हलवणार, मी नाही म्हणणार, तो म्हणणार की मघाशी त्याला आलं होतं. मला या वाक्याची चीड यायची. मघाशी आलं होतं! रिपेअरला आलेल्या प्रत्येक वस्तूचं मघाशी बरोबर चाललेलं असतं. ब्लेडं बदलली, पेन्सिली बदलल्या, चकती बदलली. एकदा मोबाइलच्या चार्जरमधला डायोड काढून लावला. मी सांगितलं की तो सिलिकॉनचा आहे, त्याला जागं करायला जितका जोर लागतो तितका या सिग्नलमध्ये नाही. त्याने माझं ऐकून घेतलं आणि तरी लावून पाहिला. मग महिनाभर चिडचिड. रेडिओच्या बाजूला एक जुना ट्रान्झिस्टर ठेवला होता, त्याच्यावर मराठी स्टेशन खणखणीत लागायचं. म्हणजे लहरी घरात होत्या. आमच्या नाकावर टिच्चून होत्या.

शेवटी मीच हट्टाला पेटलो. ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकच्या माळ्यावरून मोडका रेडिओ मिळवला आणि त्यातला जर्मेनियमचा डायोड काढून आणला. ओरिजनल. काचेतला. त्याच्या घरी बसून, त्याची ब्लेड-पेन्सिल बाजूला सारून, मी तो स्वतः सोल्डर केला. सगळे जोड मीटरने तपासले. एरियल बरोबर. वेटोळं सलग. अर्थची तार नळापर्यंत... मीटर गोड आवाजात वाजला. मग विजयी मुद्रेने झाकण कानाला लावलं.

काही नाही.

विलास इतका हसला की त्याला ठसका लागला. "काय दिवे लावले तुमच्या ओरिजनलनं?" मी भडकलो. म्हणालो, मूळ पायाच बोगस असेल तर एक खरा पार्ट काय करणार, हे सगळं मोडून नीट नव्याने करू, आणि जमत नसेल तर हेच घेऊन जासईला जाऊ, तिथे मोकळी जागा आहे, एरियल लांब टाकता येईल. यावर मात्र तो हसायचा थांबला. "मुका रेडिओ घेऊन सासुरवाडीला? जावई हाय मी, साडूबुवा. सगळ्यांसमोर बोललोय. तिथं जाईन तर बोलता घेऊन जाईन." जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही. म्हातारा तिकडे फोनवर प्रत्येक वेळी सुनीताला विचारायचा, "इलासचा झाला काय?" आणि हा इकडे मानापमान घेऊन बसलेला. आमचं जोरात वाजलं. पुढच्या रविवारी त्याचा फोन आलाच, भांडणाचं नावही न काढता, "साडूबुवा, तार अजून उंच घेऊ काय?" तसलं भांडण मनात ठेवायचं त्याला माहीतच नव्हतं. मी म्हणालो, "घे, अंतराळात ने." ती उंच घ्यायलाच तो त्या सकाळी गच्चीवर गेला.

दिवसकार्य झालं. काही आठवड्यांनी रंजना आणि मी सुनीताकडे गेलो होतो. ती म्हणाली, "भावजी, ते खिडकीतलं तुम्ही घेऊन जा. मला रोज बघवत नाही, आणि टाकवतही नाही." मी रेडिओ उचलून मांडीवर घेतला. बघतो तर माझ्या डायोडवर, मी मिळवलेल्या, मी जोडलेल्या, त्या अख्ख्या सांगाड्यातल्या एकुलत्या एका ओरिजनल पार्टवर, पांढरी चिकटपट्टी. त्यावर त्याच्या अक्षरात: 'तात्पुरतं'. म्हणजे आमच्या भांडणानंतर केव्हातरी हा माणूस बसून, माझी आठवण काढून, दात काढत... मला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. पुरुषमाणसाने बायकांसमोर असं रडायचं नसतं वगैरे आमच्यात अजून आहे, म्हणून मी मान खाली घालून वेटोळ्याकडे बघत राहिलो. पांढरा पाइप. त्याच्यावर निळ्या अक्षरांत काहीतरी छापलेलं, तारेखाली अर्धं दडलेलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "हा पाइप कुठला?"

सुनीता म्हणाली, "आपलाच. बिल्डिंगचे पाइप बदलले ना, त्यातला उरलेला. माळ्यावर ढीग आहे."

मी पाइपाकडे बघितलं. मग नळाकडे बघितलं. नळ पितळी, वर चकचकीत मुलामा, त्याला कसून गुंडाळलेली अर्थची तार. आणि नळाच्या मागे भिंतीत, तिथून खाली, तळमजल्यापर्यंत, जमिनीत जाईपर्यंत... प्लॅस्टिक. त्याने स्वतः सभेत भांडून बसवलेलं, न गंजणारं, विजेचा कणही पुढे न जाऊ देणारं प्लॅस्टिक. येणाऱ्या-जाणाऱ्याला ज्याची कथा ऐकवायचा तेच. माझा मीटर नळापर्यंत वाजला होता, आणि नळाच्या पुढे भिंतीत कोण बघतो? रेडिओला जमीनच नव्हती. सगळे रविवार आम्ही ब्लेडला, पेन्सिलीला, चकतीला, एकमेकांना शिव्या घातल्या, आणि तो बिचारा हवेत लटकलेला होता.

माझा हात खिशातल्या फोनवर गेला. खोटं कशाला बोलू, मी फोन बाहेर काढून त्याचं नाव उघडलंही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी शंभर टक्के बरोबर होतो आणि तो शंभर टक्के चूक होता, पुराव्यासकट, आणि ऐकायला हा माणूस नाही! असा संताप मला त्याच्या जाण्याचाही आला नव्हता. "अरे गाढवा, तुझाच पाइप!" मी मोठ्याने म्हणालो. दोघी बहिणी दचकल्या. मी समजावून सांगितलं. सुनीता नळ सोडून बघत म्हणाली, "पाणी मात्र स्वच्छ येतं हो, भावजी." त्याची बाजू घ्यायची तिची तऱ्हाही त्याच्यासारखीच झाली होती.

पुढच्याच रविवारी आम्ही तिघं जासईला गेलो. मामांना विलासचं सांगितलेलं होतं. कधी ते लक्षात असतं, कधी नसतं. त्या दिवशी होतं. ते सुनीताचा हात धरून बसले. मी अंगणातल्या माडापासून मागच्या गोठ्यापर्यंत तार ओढली. अर्थसाठी अंगणात जुना हापसा आहे, त्याचा लोखंडी पाइप खाली पाण्यात गेलेला. किल्लीने त्याचा रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, आणि तेव्हा लक्षात आलं की तार आवळायचा पितळी क्लॅम्प मी घरीच विसरलोय. मी! सुनीताने दोरीवरचा कपड्याचा चिमटा काढून दिला. मी त्याच्याकडे बघितलं, मनातल्या मनात एक शिवी घातली, आणि उघडी तार हापशाला लावून वरून तो चिमटा बसवला. झाकण कानाला लावलं. चंदेरी कागदाचं पातं हळूहळू सरकवलं. खरखर... मग दूर कुठेतरी, भिंतीपलीकडच्या घरात कोणी बोलावं तसा, बाईचा आवाज. शब्द कळत होते. हवामान सांगत होती.

 मी झाकण मामांच्या कानाला लावलं. मेव्हणा, त्याची बायको, पोरं, सगळी ओसरीवर जमली होती. मामांचा चेहरा हलला नाही. मला वाटलं तार सुटली. मी विचारलं, "मामा, ऐकू येतंय का?" त्यांनी हात वर करून मला गप्प केलं.

"बोलू नको. बोलतंय."

मग त्यांनी झाकण नातवाच्या दिशेने धरलं. त्याने ऐकलं, त्याच्या बापाने ऐकलं, त्याच्या आईने ऐकलं. कोणी हसलं नाही. मामांनी झाकण परत मागून घेतलं आणि कानाला लावून म्हणाले, "इलासनं आनला. बोलला तसा आनला." माझं नाव कोणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते तसंच बरोबर वाटलं.

रेडिओ आता जासईलाच आहे, ओसरीवर, मामांच्या हाताशी. मी नंतर पितळी क्लॅम्प घेऊन गेलो होतो. हापशाच्या पाइपाच्या मापाचा, नवा, ओरिजनल. चिमटा काढायला वाकलो तर मामा वरून म्हणाले, "काय करतंस?" मी सांगितलं, हे तात्पुरतं आहे, पक्कं करतो. म्हणाले, "बोलतंय ना? मंग हात नको लावू." ऐन म्हातारपणी यांनाही ती बाधा झाली! क्लॅम्प अजून माझ्या स्कूटरच्या डिकीत आहे. रविवारी भाजी टाकायला डिकी उघडली की तो दिसतो, आणि मी तिथल्या तिथे सुरू होतो... उन्हात प्लॅस्टिक तडकतं, चिमट्याची स्प्रिंग गंजते, पावसाळ्यात हा जोड सुटणार म्हणजे सुटणार, लिहून घे विलास. भाजीवाली बघते, काका कोणाशी बोलतात म्हणून. पलीकडून "चालतंय ना?" येत नाही. मग मी पिशवी ठेवतो आणि डिकी बंद करतो. एकट्याने भांडलं की हरताही येत नाही.